धागा: ऋतूंच्या छोट्या कविता आणि आपले ऋतुशब्द

रानजाई

मृग लागला की सगळीकडे पावसाच्या चारोळ्या यायला लागतात. मी त्या आवडीने वाचते, कारण पावसावर लिहावंसं वाटणं हीच मुळात चांगली गोष्ट आहे. पण बऱ्याच कवितांमध्ये पाऊस, थेंब, आठवण आणि मातीचा वास एवढंच असतं. हा पाऊस जूनचा की सप्टेंबरचा, कोकणातला की माणदेशातला, काही कळत नाही. कविता चार ओळींची असेल तर एकेक शब्द नेमका हवा. त्यातही ऋतू सांगणारा शब्द तर हवाच हवा.

जपानी हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या कवितेत, याची पक्की सोय आहे. परंपरेने प्रत्येक हायकूत एक ऋतुशब्द असतो, आणि अशा शब्दांचे ऋतूवार लावलेले कोश असतात. नुसता ‘चंद्र’ म्हटलं तरी तो शरदाचा धरतात, बेडूक आला की वसंत. त्यामुळे कवीला ऋतूचं वर्णन करत बसावं लागत नाही. एका शब्दात दिवस, हवा आणि त्या हवेतली माणसं उभी राहतात, आणि उरलेल्या जागेत त्याला जे दिसलं ते सांगता येतं.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे हा कोश तयारच आहे, फक्त कुणी एका वहीत लिहून काढलेला नाही. सहा ऋतू आणि बारा महिने तर आहेतच, पण त्याहून बारीक माप आहे ते पावसाच्या नक्षत्रांचं. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13 ते 14 दिवस असतो. म्हणजे आपला शेतकरी पाऊस पंधरवड्याच्या हिशोबाने ओळखतो. मृगाचा वेगळा, आर्द्रेचा वेगळा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा पाऊस. या नावांतच अर्धी कविता झालेली आहे! ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही एका ओळीची ऋतुकविताच आहे. तिच्यात निसर्ग आहे, पोटापाण्याची चिंता आहे आणि मागणंही आहे. देवाचं नाव न घेता केलेलं मागणं.

या धाग्यावर आपापल्या भागातले ऋतुशब्द लिहा, आणि जमलं तर कविताही. चार ओळींच्या आत, एखादा नेमका ऋतुशब्द आणि डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट, एवढंच पुरे. सुरुवात माझ्यापासून:

मिरगाचा किडा
चाले बांधावरी
मखमल खरी
मातीलाच

आडवाट

ताई, धागा फार आवडला. मिरगाच्या किड्यावर कविता पहिल्यांदाच वाचली.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. हा किडा म्हणजे कोळ्याच्या कुळातला, आठ पायांचा जीव. पहिला दमदार पाऊस होऊन जमीन भिजली की वर येतो, थोडे दिवस दिसतो आणि पुन्हा गायब. गुंजेएवढा असतो, पण लाल इतका गडद की काळ्या रानात लांबून दिसतो. हातावर घेतला की पाय पोटाशी ओढून गप्प पडून राहतो. पोरं तळहातावर घेऊन तो पुन्हा चालायची वाट बघत बसतात. तुमच्या कवितेत तो चालतोय, म्हणजे त्याला कुणी धरलेलं नाही. ते मला फार बरं वाटलं.

आमच्याकडे तो दिसला की म्हातारी माणसं म्हणायची, ओल खाली गेली, आता तिफण काढा. म्हणजे तुमचा हा ऋतुशब्द पेरणीचाही शब्द आहे.

वहीत हस्तही घ्या. आम्ही त्याला हत्तीच म्हणतो. ‘पडेल हत्ती तर पडतील भिंती’. मातीच्या भिंतीच्या घरात राहिलेल्या माणसाला ही म्हण ऐकली की पोटात गोळा येतो. आणि पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं: कोल्हा, बेडूक, म्हैस, गाढव, उंदीर, मोर. यंदा वाहन कोणतं, यावर पारावर जी चर्चा चालते ती ऐकून कुणाला कविता सुचली नाही तरच नवल.

चौथा_मजला

विषय मनापासून आवडला, पण एक अडचण मांडते. मी जन्मापासून मुंबईत. माझ्या आयुष्यात बांध नाही, तिफण नाही. मी ‘आर्द्रा’ लिहिलं तर तो शब्द माझ्या कवितेत उसना दिसेल. मग माझ्यासारखीने ऋतुशब्द आणायचे कुठून?

पावसाळा माझ्याकडेही येतो, फक्त वेगळ्या वाटेने. कपाटातल्या चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी धरते. मीठ ओलं होतं म्हणून बरणीत तांदळाचे दाणे टाकते. पंख्याखाली खुर्च्यांवर कपडे पसरलेले असतात आणि तरीही कॉलरला तो कुबट वास राहतोच. कोपऱ्यावर छत्रीच्या काड्या बसवून देणारा माणूस येऊन बसतो, तो एरवी वर्षभर कुठे असतो देव जाणे. माझं नक्षत्र हेच. एक लिहिली आहे, तीन ओळींत:

पहिली सर
शेजारीण काढते
माझे कपडे

रानजाई

@चौथा_मजला, छत्रीवाला आणि बुरशी दोन्ही वहीत गेले! शब्द शेतातलाच हवा असं मी म्हणत नाही. तुमच्या जगण्यात जो शब्द वर्षाच्या एकाच वेळी येतो तो तुमचा ऋतुशब्द. ‘बरणीतले तांदूळ’ वाचलं की मला जुलै दिसतो, आणखी काय हवं?

कविता फार सुंदर झाली आहे. पावसात भिजायला जाणाऱ्या माणसांवर खूप लिहून झालंय. तुमच्या कवितेत भिजू नये म्हणून धावणारं माणूस आहे, तेही दुसऱ्याच्या कपड्यांसाठी. त्यात ‘आपुलकी’ किंवा ‘शेजारधर्म’ असा शब्द कुठेही नाही, आणि तो नाही म्हणूनच ती आपुलकी पोचते.

जात्याकाठी

हायकूबद्दल आदर आहेच, पण छोट्या कवितेचा विषय निघाला की माझ्या डोक्यात आधी जात्यावरची ओवी येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेकींनी कधी पाटी-पेन्सिल हातात घेतली नव्हती. पहाटे दळताना ओवी सुचायची आणि दळण सरेपर्यंत पाठ व्हायची. त्यात पाऊस आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, सासर आहे, आणि हे सगळं एकाच दमात येतं. भक्तीची कविता वेगळी आणि घरकामाची वेगळी असा भेद त्या बायकांनी कधी केलाच नाही. करणार तरी कशी? हात खुंट्यावर आणि मन वारीच्या वाटेवर, दोन्ही एकाच वेळी चालू असायचं.

आषाढ जवळ आलाय म्हणून माझी एक:

व्यायली गं गाय
दिंडीच्या दिवशी
विठू माझ्यापाशी
गोठ्यामध्ये

शांतरस

जात्याकाठीताई, पहिल्या दोन ओळी वाचून थांबलोच. वारीला निघायची सगळी तयारी झालेली आणि नेमकी त्याच दिवशी गाय व्यायली, हे एवढ्यात कळतं. एक सुचवू का? तिसऱ्या ओळीत तुम्ही विठ्ठलाला गोठ्यात आणून बसवलंत, तिथे वाचकासाठी काही उरत नाही. देव गोठ्यात आहे हे आमचं आम्हाला समजू द्या. असं केलं तर?

व्यायली गं गाय
दिंडीच्या दिवशी
टाळ वेशीपाशी
वाजताहे

आता ती बाई गोठ्यात आहे आणि दिंडी वेशीवर. दोन्हींच्या मधे जे अंतर आहे त्यात तिचं जाणं, न जाणं, हुरहुर, समाधान सगळंच येतं.

चौथा_मजला

बाप रे, हे फारच छान. टाळ ऐकू आला.

जात्याकाठी

शांतरस, तुमची ओळ सुंदर आहे, खरंच. पण मी माझी बदलणार नाही, आणि त्याचं कारण सांगते.

देवाचं नाव लपवलं की कविता वरच्या दर्जाची होते, ही आवड आपण पुस्तकं वाचून कमावलेली आहे. ओवी गाणारी बाई विठ्ठलाला लपवत नाही. ती त्याला हाक मारते, जाब विचारते, त्याच्याशी भांडते, रखुमाईची बाजू घेऊन त्याला दोन शब्द सुनावते सुद्धा. तिच्या लेखी तो सूचित करायचा विषय नाहीच, तो घरातला माणूस आहे. माझ्या कवितेतली बाई गोठ्यात गायीची वार (वासरामागून पडणारी नाळ-झार) पडायची वाट बघत बसली आहे. रात्र जागून काढलेली आहे. तिला त्या क्षणी टाळ ऐकून हुरहुर लागलेली नाही, तिला तो शेजारी बसलेला दिसतोय. तुमची बाई वेशीकडे कान लावून आहे. दोघी वेगळ्या आहेत. दोघींनाही राहू द्या.

शांतरस

पटलं. तुमची बाई सश्रद्ध आहे आणि माझी साशंक. दोन वेगळ्या कविताच आहेत या, माझी दुरुस्ती म्हणून वाचू नका.

मात्रावृत्त

इथे एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. रानजाई आणि जात्याकाठी या दोघींच्या कविता देवद्वार छंदात आहेत: 6, 6, 6 आणि 4 अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मोठ्या अभंगाची हीच बांधणी. हा छंद कानावर इतक्या पिढ्या आहे की मोजून लिहावा लागत नाही. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा पडतो तिथे आवाज आपोआप खाली येतो. छोट्या कवितेला हे फार सोयीचं, कारण चौथ्या चरणावर सगळं वजन पडतं. ‘मातीलाच’ किंवा ‘गोठ्यामध्ये’ मोठ्याने म्हणून बघा.

हायकूचं 5-7-5 आपण अक्षरांनी मोजतो. जपानीत मोजणी ध्वनींच्या तुकड्यांची असते, दीर्घ स्वराचे दोन तुकडे धरतात. त्यामुळे आपलं माप त्यांच्याशी तंतोतंत जुळणार नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एव्हाना तो आपल्या अंगणातला झाला आहे.

माझा अनुभव असा की नजरेला काही दिसलं आणि गप्प व्हावंसं वाटलं तर तीन ओळी जमतात, आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर ओवी. ‘गं’ आलं की समजायचं, ही ओवीच होणार. चौथा_मजला यांची शेजारीण ओवीत बसवायला गेलात तर ती बोलायला लागेल, आणि मग कविताच बदलेल.

खाडीपल्याड

धागा रोज वाचतोय, आज लिहितो. मी रत्नागिरीकडचा, मुसलमान. माझ्या श्रद्धेचे शब्द वहीत घालायचे म्हटले की एक वेगळाच पेच उभा राहतो, तो तुमच्यापुढे ठेवतो.

आमचं वर्ष निव्वळ चंद्राचं, साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. म्हणजे ‘रोजा’ हा एकटा ऋतुशब्द होऊ शकत नाही. माझ्या लहानपणीच्या रमजानच्या आठवणीत थंडी आहे, आईने सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, उठवलं की गोधडीतून पाय बाहेर काढवत नसे. नंतर तोच रमजान ऐन पावसात आला, चंद्र ढगात आणि सगळी गल्ली आकाशाकडे डोळे लावून. पुढे उन्हाळ्यात आला, जिभेला कोरड आणि दिवस सरता सरेना. एकच श्रद्धा, पण प्रत्येक ऋतूत तिचं शरीर वेगळं. मला यात उणीव दिसत नाही, उलट माणसाला एका आयुष्यात एकच उपवास सगळ्या हवेत करून बघायला मिळतो. कवितेत मात्र रोज्याबरोबर ऋतू सांगणारी आणखी एक वस्तू ठेवावीच लागते. मी माठ ठेवला:

माठ पाझरे
रोज्याच्या दुपारचे
सरेना ऊन

रानजाई

दादा, हे या धाग्यावरचं सगळ्यात मोलाचं लिखाण आहे. ‘श्रद्धेचं शरीर ऋतूप्रमाणे वेगळं’ हे तर सगळ्यांनाच लागू आहे. आणि माठ काय ठेवलात! त्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाणी पाझरतंय आणि तो बघतोय. तहान हा शब्द कुठेच नाही.

आकाशदर्शी

खाडीपल्याड यांच्या मुद्द्याला जोडून. आपले चैत्र-वैशाखही चंद्राचेच महिने, पण साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास घालून आपण त्यांना ऋतूशी बांधून ठेवतो. तरी ते थोडे पुढेमागे होतातच. आषाढी एकादशी कधी जूनच्या शेवटाला येते, तर कधी जुलै बराच सरल्यावर. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनलाच लागतो. शेतकऱ्याने पेरणीसाठी महिना न धरता नक्षत्र धरलं त्याचं कारण हेच.

अर्थात तेही कायमचं नाही. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश डुलतो, त्यामुळे ऋतूंच्या हिशोबात नक्षत्राचा दिवस साधारण 72 वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. एका आयुष्यात जेमतेम एक दिवस. कवितेला तेवढं चालायला हरकत नाही.

हत्तीची_सोंड

अरे, हादगा राहिला ना! हस्त नक्षत्र म्हणजे फक्त भिंती पडणं नाही. पाटावर खडूने हत्ती काढायचा, त्याभोवती मुलींनी फेर धरायचा आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून ओळखणाऱ्या मुली असायच्या आमच्यात, ‘गूळपोहे नाहीत, कोरडं वाजतंय’. कुठे याला भोंडला म्हणतात. खानदेशात आणि विदर्भात भुलाबाई, ती भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर असते. एकाच पावसाच्या सरत्या दिवसांना तीन नावं, तिन्ही घ्या वहीत.

माझी कविता:

पाटावर हत्ती
सोंड पुसलेली
लेक यंदा गेली
सासुऱ्याला

जात्याकाठी

सोंड पुसलेली! फेर धरताना ओढणी लागून पुसते ती. हे पाहिलेल्यालाच सुचणार. ‘सासुऱ्याला’ हा शब्द जुना वाटतो खरा, पण हादग्याच्या गाण्यांचा सगळा जीव माहेर आणि सासर यांच्यामध्येच आहे, त्यामुळे इथे तोच हवा.

काळीकसदार

सगळे पावसातच अडकलेत, थोडं हिवाळ्याकडे या. आमच्या लातूर-धाराशिवकडे येळवस असते, मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव म्हणून दगड मांडून पूजा करायची, मग आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत बरं का, शेंगभाज्या-पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली घट्ट भाजी. ओळख असो नसो, रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. ज्वारी तेव्हा पोटऱ्यात (कणीस अजून पानाच्या आत) किंवा निसवलेली (कणीस बाहेर आलेली) असते, उभ्या पिकात बसून जेवायचं. यापेक्षा मोठी पूजा मला ठाऊक नाही.

‘येळवस’, ‘कोप’, ‘आंबील’ हे वहीत लिहा. आणि त्याच्या पुढच्या महिन्यातला ‘हुरडा’ही. गोवऱ्यांची आगटी, तीत भाजलेलं कणीस, हातावर चोळताना बसणारे चटके. आमचे आजोबा घरात दिवसदिवस बोलत नसत. आगटीपाशी मात्र ते गप्प म्हणून बसत नसत.

पौषाचे धुके
हुरड्याची आगटी
आजा बोलका

मात्रावृत्त

5-7-5 बरोबर बसलं आहे. ‘आजा’ ठेवलात ते उत्तम केलंत. ‘आजोबा’ने अक्षर वाढलं असतं आणि रान कमी झालं असतं.

रानजाई

वही भरत चालली आहे. उन्हाळ्याचं पान मात्र अजून रिकामंच दिसतंय. खाडीपल्याड यांचा माठ आहे तेवढाच. पालवी, मोहर, वाळवणं, रसाळी यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण अर्ध्या महाराष्ट्राचा उन्हाळा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून जातो. माझ्या मावशीच्या गावी टँकर यायच्या आधीच हंड्यांची रांग लागते. बायका आपापल्या कामाला गेलेल्या असतात, रांगेत भांडी उभी असतात आणि कुणी कुणाचा नंबर मारत नाही. त्या रांगेत एकदा हे पाहिलं:

वैशाख ऊन
हंड्यांच्या रांगेमध्ये
देवाचा तांब्या

तो तांब्या कुणाचा, असं मी विचारलं. देवळाचा, म्हणाले. देवालाही नंबर लावूनच पाणी.

चौथा_मजला

ताई, त्या शेवटच्या दोन वाक्यांसकट आवडली.

आडवाट

एक शब्द कितीतरी दिवस डोक्यात आहे आणि तो वहीत कुठे घालायचा हे कळत नाही. अवकाळी. सगळे ऋतुशब्द वेळ सांगतात, हा नेमका वेळ चुकल्याचं सांगतो. पण आमच्याकडे तो आता इतक्यांदा येतो की त्यालाही ऋतुशब्द म्हणावं लागेल. गेल्या खेपेला उन्हाळी कांदा काढून शेतातच पडलेला होता, पश्चिमेकडून अंधारून आलं आणि घरातलं लहानमोठं सगळं माणूस रानात पळालं. आई पळता पळता देवाचं नाव घेत होती.

अवकाळी आला
कांदा उघड्यात
ताडपत्री, हात
आणि धावा

शांतरस

‘धावा’ दोन्हीकडून लागू होतो, पळा म्हणूनही आणि देवाचा धावा म्हणूनही. इथे देव लपवायचा की दाखवायचा हा आमचा वादच राहिला नाही. या धाग्यावरची ही माझी सगळ्यात आवडती.

जात्याकाठी

माझीही. कांदा वाचला का दादा?

आडवाट

निम्मा वाचला ताई. खालच्या बाजूचा भिजला, तो साठवणीच्या कांदाचाळीत टाकताच आला नाही.

रानजाई

‘अवकाळी’ मी चैत्र-वैशाखाच्या पानावर लिहून ठेवते आहे. चालेल ना?

आडवाट

फाल्गुनातही लिहा. आमच्याकडे गारा येतात त्या गहू काढणीला आला की.